आयात बिअर घ्यायची की टॅपवरची ताजी? चवीची बिअर निवडण्याबद्दल

सातू
पुण्या-मुंबईच्या मोठ्या बिअर शॉपींत आता जर्मन-बेल्जियन बाटल्यांचा एक वेगळा कप्पा असतो. किंमत नेहमीच्या लागरच्या (फिक्या, हलक्या बिअरच्या) दुपटी-तिपटीच्या वर. घेणारा देश बघतो, लेबल बघतो, मित्राने सांगितलेलं नाव आठवतो आणि बाटली उचलतो. तारीख क्वचितच कोणी बघतं. आयात बिअरच्या बाबतीत मी सगळ्यांत आधी एकच विचारीन: हा प्रकार एवढा प्रवास सोसतो का?

प्रवास कसा होतो ते बघा. अँटवर्प किंवा हॅम्बुर्गहून न्हावाशेवापर्यंत समुद्रावर काही आठवडे, बहुतेक वेळा बिनाथंडाव्याच्या कंटेनरमध्ये. मग कस्टम्स, बाँडेड गोदाम, राज्यागणिक लेबलची नोंदणी, वितरक आणि शेवटी दुकान. बिअर धंद्यात ३-३०-३०० असा एक ठोकताळा आहे. ३२ अंशांत ३ दिवस, २२ अंशांत ३० दिवस आणि ३ अंशांत ३०० दिवस ठेवलेली बिअर साधारण सारखीच म्हातारी होते. एप्रिलमधल्या गोदामात काय होत असेल, ते यावरून समजतं.

आत घडतं ते असं. बाटलीत राहिलेला थोडासा ऑक्सिजन आणि उष्णता मिळून माल्टमधले (मोड आणून वाळवलेल्या जवातले) घटक बदलतात आणि ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो. हॉप्सचा, म्हणजे कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा, सुगंध तर त्याच्याही आधी जातो. संत्रं, आंबा, पाइन असं काही लेबलवर लिहिलेलं असतं आणि ग्लासात फक्त गोडसर मध आणि घशाला लागणारा कडवटपणा उरतो.

म्हणून आयात घ्यायचीच तर जास्त अल्कोहोलची, गडद माल्टची, बाटलीत जिवंत यीस्ट असलेली घ्या. यीस्ट उरलेला ऑक्सिजन बऱ्याच अंशी खाऊन टाकतं. गडद बिअरमध्ये ऑक्सिडेशनमुळे येणारी मनुका-शेरीची चव शोभून दिसते, फिक्या बिअरमध्ये तीच दोष ठरते. दिसल्या तर उचला:

शिमे निळी, ९ टक्के. रोशफोर ८ आणि १०, अनुक्रमे ९.२ आणि ११.३ टक्के. वेस्टमाल ट्रिपेल, ९.५. ड्यूव्हेल, ८.५. श्नायडरची आव्हेंटिनुस, ८.२, गव्हाची डॉपेलबॉक (कडक, माल्टच्या चवीची जर्मन बिअर), १९०७ पासून चालत आलेली. आणि ओर्व्हाल, जिच्याबद्दल खाली स्वतंत्र लिहावं लागेल.

परदेशी आयपीए (इंडिया पेल एल, हॉप्सच्या सुगंधावर उभी असलेली बिअर), पेल एल आणि हिरव्या बाटलीतली पिल्सनर मात्र शेल्फवरच राहू द्या.

आंबेमोहर
उत्तम धागा. दोन शंका आहेत. दुकानदार सरळ सांगतात की बिअर खराब होत नाही, पिऊन कोणी आजारी पडत नाही. आणि बाटलीवर तारखा तीन-तीन ठिकाणी असतात, त्यातली कोणती धरायची?

सातू
आजारी पडत नाही हे खरं आहे. अल्कोहोल, आम्लता आणि हॉप्स यांमुळे रोगजंतू बिअरमध्ये तग धरत नाहीत. पण आपण पैसे चवीचे देतो.

तारखेचं असं. आयातदाराने चिकटवलेल्या स्टिकरवर आयातीचा महिना असतो, तो धरू नका. मूळ बाटलीच्या मानेवर, मागच्या लेबलच्या कडेला किंवा कॅनच्या बुडाला छापलेली तारीख शोधा. युरोपीय बिअरवर ती दिवस-महिना-वर्ष अशी असते, अमेरिकन बिअरवर महिना आधी. ०५/११ हा अमेरिकन कॅनवर ११ मे असतो आणि जर्मन बाटलीवर ५ नोव्हेंबर. काही अमेरिकन कॅनवर वर्षातल्या दिवसाचा तीन आकडी क्रमांक असतो; १२० म्हणजे एप्रिलअखेर.

युरोपात बहुधा ‘या तारखेपर्यंत उत्तम’ एवढंच छापतात, भरल्याची तारीख नसते. नेहमीच्या लागर आणि वाइसबिअरला (जर्मन गव्हाच्या बिअरला) कारखाने साधारण ९ ते १२ महिने देतात, त्यावरून मागे मोजा. मुदतीला दोन महिने उरले असतील तर तिने बहुतेक आयुष्य आधीच घालवलेलं आहे. युरोपात १० टक्के आणि त्यावरच्या पेयांना ही तारीख छापायची सक्ती नाही, त्यामुळे एखाद्या क्वाड्रुपेलवर (खूप कडक, गडद बेल्जियन बिअरवर) ती दिसली नाही तर घाबरू नका.

बाटली हातात घेऊन आणखी तीन गोष्टी तपासा. सारख्या बाटल्या शेजारी लावून पातळी बघा. एखादीत कमी असेल तर बूच गळतंय. बुचाच्या कडेला गंज किंवा चिकटपणा असेल तर ठेवून द्या. उजेडाकडे धरून मानेत, द्रवाच्या रेषेवर, पांढरं कडं दिसतंय का ते बघा. तसं कडं दिसलं तर संसर्गाची शंका घ्या. अशी बाटली उघडताच फसफसून अर्धी टेबलावर जाऊ शकते.

आणि मागचं लेबल वाचा. हायनिकेन, कार्ल्सबर्ग, बडवायझर इथेच बनतात. परदेशी नाव म्हणजे परदेशी बाटली असं नाही. उलट इथे भरलेली बाटली ताजी असण्याची शक्यता जास्त.

कोकमरस
तारखेइतकाच उजेड महत्त्वाचा, तो मुद्दा राहिला. हॉप्सच्या कडवट घटकांवर निळसर उजेड किंवा ऊन पडलं की बिअरमधल्या रायबोफ्लेविनच्या मदतीने ते तुटतात आणि गंधकाचं एक संयुग तयार होतं. ते इतक्या कमी प्रमाणात नाकाला कळतं की पारदर्शक बाटली उन्हात काही मिनिटं राहिली तरी पुरे. तपकिरी काच बराचसा उजेड अडवते, हिरवी फारच थोडा, पारदर्शक जवळपास काहीच नाही. काही कंपन्या पारदर्शक बाटलीसाठी बदल केलेला हॉप्सचा अर्क वापरतात, त्यांना हा त्रास नाही.

हिरव्या बाटलीतल्या बिअरचा जो ‘खास’ वास अनेकांना आवडतो तो पुष्कळदा हाच असतो. तीच बिअर कॅनमधून पिऊन बघा, फरक लगेच कळेल.

दुकानात काचेच्या दाराच्या फ्रिजमध्ये ट्यूबलाइट बाटल्यांना लागून असते. पुढच्या रांगेतली घेऊ नका, मागची मागा. बंद खोक्यातली मिळाली तर त्याहून बरी. कॅन आणि बाटली दोन्ही असतील तर डोळे झाकून कॅन. कॅनमुळे धातूची चव येते हा समज जुना आहे, आतून अस्तर असतं. ग्लासात ओतून प्या म्हणजे झालं.

म्हादई
आयपीए ठेवून द्या म्हणून धागा संपू नये. आयपीए प्यायचीच, फक्त जवळची. गोव्यात सांगोल्ड्याला गोवा ब्रूइंग कंपनीची एट फिंगर एडी आयपीए बनते. आर्बर ब्रुअरीची बीच शॅक आयपीएही आहे. भरल्यापासून सहा ते आठ आठवड्यांच्या आतला कॅन, सतत थंड ठेवलेला, हे समीकरण पाळलं तर हॉप्स म्हणजे काय ते नीट समजतं. तोच कॅन मे महिन्यात किनाऱ्यावरच्या दुकानाच्या फळीवर तीन आठवडे राहिला तर ब्रुअरीला दोष देऊ नका.

गढूळ, रसाळ आयपीए तर याहून नाजूक. ओट्स आणि गव्हामुळे आलेला गढूळपणा आणि भरमसाट ड्राय हॉपिंग यांमुळे ती ऑक्सिजनला पटकन बळी पडते. ग्लासातला पिवळा रंग करडा-तपकिरी झालेला दिसला तर चाखायचीही गरज नाही, परत करा.

ड्राय हॉपिंग म्हणजे काय, हे नव्या वाचकांसाठी: उकळताना घातलेले हॉप्स कडवटपणा देतात, पण त्यांचा सुगंध वाफेबरोबर जातो. म्हणून आंबवण होत आल्यावर किंवा झाल्यावर, थंड टाकीत पुन्हा हॉप्स टाकतात, साधारण लिटरला ४ ते १० ग्रॅम, दोन-तीन दिवस. तो सुगंध तेलांचा असतो आणि तेलं उडून जाणारी. सगळी घाई त्यासाठी.

जवारी
सातू, बऱ्याच गोष्टींशी सहमत, पण पिल्सनर तुम्ही फारच झटपट निकालात काढली आणि साधी वाइसबिअर यादीत घेतलीच नाही.

पिल्सनर उर्केलची कॅन, मुदत सहा महिन्यांहून जास्त उरलेली, घेण्यासारखी असते. १८४२ पासूनची ही बिअर ४.४ टक्क्यांची आहे, तरी तिच्यात माल्टचं अंग भरपूर. झाट्स हॉप्सचा गवती-मसालेदार सुगंध थोडा उतरला तरी खालचा पावासारखा गोडवा टिकतो. पातळ लागरचं तसं नाही, तिच्यात लपायला जागाच नसते.

वाइसबिअरचं म्हणाल तर वाइहनस्टेफान, श्नायडर, एर्डिंगर, पाउलानर या चारही एकसारख्या नाहीत. केळ्याचा वास ज्या एस्टरमुळे (यीस्टने बनवलेल्या सुगंधी संयुगामुळे) येतो तो काही महिन्यांत उतरतो. लवंगेचा वास त्यामानाने जास्त टिकतो. म्हणून केळ्यावर उभी असलेली बिअर प्रवासात जास्त गमावते. श्नायडर ओरिजिनल ५.४ टक्के, रंगाने गडद, लवंग आणि भाजलेल्या माल्टवर उभी. ती इथे पोचून सगळ्यांत शाबूत राहते असं माझं ठाम मत आहे. एर्डिंगर मुळातच सौम्य, तिच्यात फार फरक पडत नाही, पण शिकायला म्हणून ती घेऊ नये.

केळं-लवंग हे दोन्ही यीस्टमधून येतात, बाहेरून काही घातलेलं नसतं. १६-१८ अंशांत आंबवली की लवंग पुढे येते, २२च्या वर गेली की केळं. बेल्जियन विट वेगळी: तिच्यात न मोडवलेला गहू, धणे आणि संत्र्याची वाळलेली साल असते. हा प्रकार जवळपास संपला होता, तो पिएर सेलिसने १९६०च्या दशकात होगार्डन गावात पुन्हा सुरू केला. आपल्याकडच्या टॅपरूममध्ये (नळातून ताजी बिअर देणाऱ्या ठिकाणी) ‘व्हीट’ मागितली की पुष्कळदा विटच येते. मागताना हेफे (जर्मन वाइसबिअर) की विट ते विचारा, नाहीतर केळ्याच्या अपेक्षेने धणे मिळतात.

सातू
जवारी, श्नायडरबद्दल मान्य. उर्केलची कॅनही मान्य. बाटलीबद्दल मत तेच.

आता ओर्व्हाल. ६.२ टक्के, म्हणजे माझ्या यादीत सगळ्यांत हलकी, शिवाय ड्राय हॉप केलेली, तरी ती आयात करून घेण्याजोगी. कारण बाटलीत भरताना तिच्यात ब्रेटानोमायसिस हे रानटी यीस्ट घालतात. ताजी असताना हॉप्स पुढे असतात. सहा महिन्यांनंतर हॉप्स मागे सरतात आणि चामडं, सुकं गवत, संत्र्याच्या सालीचा कडवटपणा असं काहीतरी वर येतं. साखर संपत जाते, बिअर कोरडी होते. लेबलवर भरल्याची तारीखही छापलेली असते, त्यामुळे कोणत्या वयाची पितोय ते नेमकं कळतं. पहिल्यांदा पिणाऱ्याला ती विचित्र लागेल. दोन वेगवेगळ्या तारखांच्या मिळाल्या तर शेजारी ठेवून प्या.

लिंबलोण
टॅपरूमवाल्यांना या धाग्यात सरसकट ताजेपणाचं प्रमाणपत्र मिळतंय, म्हणून लिहितो. ताजी म्हणजे चांगलीच असं नाही. महाराष्ट्रात मायक्रोब्रुअरी २००९ मध्ये पुण्याच्या डूलालीपासून सुरू झाल्या. आज पुण्यात इंडिपेंडन्स, एफिंगट, ग्रेट स्टेट, टॉइट अशी नावं आहेत आणि सगळीकडे जाण्याआधी पारख यायला हवी.

आधी ६० ते १०० मिलीचे नमुने मागा. फिकी ते गडद, कमी कडू ते जास्त कडू, आंबट आणि फळांच्या शेवटी. आधी वास, मग घोट. फार थंड असेल तर ग्लास तळहातांत धरून थोडी गरम होऊ द्या, कारण ४ अंशांत दोष लपतात.

लोणी किंवा पॉपकॉर्नचा वास आला तर तो डायअॅसेटिल. यीस्ट हा पदार्थ आंबवताना तयार करतं आणि शेवटी स्वतःच शोषून घेतं, पण त्यासाठी वेळ द्यावा लागतो. लागरला शेवटी दोन-तीन दिवस १६-१८ अंशांवर आणावं लागतं. शनिवारची गर्दी आणि रिकामी टाकी असेल तर हीच पायरी गाळली जाते. ब्रुअरने करायची सोपी चाचणी: नमुना झाकून ६० अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवायचा, थंड करायचा, हुंगायचा. लोण्याचा वास आला तर बिअर अजून तयार नाही.

हिरव्या, कच्च्या सफरचंदाचा वास म्हणजे अॅसिटाल्डिहाइड, तोही घाईचाच पुरावा. उकडलेल्या मक्याचा वास फिक्या माल्टच्या बिअरमध्ये येतो. उकळ कमी वेळ किंवा झाकण ठेवून दिली की तो उडून जात नाही.

आंबट नसावी ती बिअर आंबट लागली तर टाकीआधी नळीवर संशय घ्या. नळ्या दर १४ दिवसांनी कॉस्टिकने धुवायला हव्यात, आणि काही महिन्यांतून एकदा आम्लाने, म्हणजे बिअरस्टोन (नळीत साचलेला क्षारांचा थर) निघतो. त्याच टाकीची बिअर दुसऱ्या नळातून चांगली येत असेल तर खात्रीच. किती दिवसांपूर्वी नळ्या धुतल्या हे विचारायला संकोच करू नका. काळजी घेणारा ब्रुअर आनंदाने सांगतो.

एक विनंती. आवडली नाही आणि बिघडली आहे या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. सेझाँला (बेल्जियन शेतावरच्या बिअरला) मिऱ्यासारखा तिखटपणा असणारच, बाम्बेर्गच्या राउखबिअरला धुराचा वास असणारच.

आंबेमोहर
लिंबलोण, हा प्रतिसाद साठवून ठेवला. ग्रोलर, म्हणजे टॅपवरची बिअर भरून नेण्याची मोठी बाटली, घरी न्यायचा तर?

लिंबलोण
जिथे परवान्यात बसतं तिथे देतात. भरताना बघा: ग्रोलर थंड पाण्याने विसळलेला हवा, नळाला बुडापर्यंत पोचणारी नळी लावलेली हवी, शक्य असेल तर आधी कार्बन डायऑक्साइड सोडलेला. वरून धार सोडून भरलेला ग्रोलर म्हणजे हवा मिसळलेली बिअर, संध्याकाळपर्यंत सपाट. मानेपाशी थोडी जागा सोडायचीच. गाडीत उन्हात ठेवू नका, काचेचा असेल तर दाबाने फुटू शकतो. न उघडता थंड ठेवून दुसऱ्या दिवसापर्यंत, उघडल्यावर त्याच बसणीत.

इसारकाठ
म्युनिकहून लिहितेय. सुट्टीत भारतात येणाऱ्यांसाठी: विनाशुल्क मर्यादा माणशी २ लिटर, आणि त्यात वाइन, दारू, बिअर सगळं धरून. म्हणजे अर्ध्या लिटरच्या ४ बाटल्या किंवा ३३० मिलीच्या ६. सहांचे १,९८० मिली होतात, बरोबर बसतं. चार जागा असतील तर हेलेसवर (म्युनिकच्या फिक्या लागरवर) घालवू नका, ती इथेच प्यायची बिअर आहे. आव्हेंटिनुस, एखादी डॉपेलबॉक, बाम्बेर्गची श्लेंकेर्ला असं आणा.

बॅग चेक-इनमध्येच. प्रत्येक बाटली झिपच्या पिशवीत, मग जाड मोज्यात, आणि सुटकेसच्या मधोमध कपड्यांत; कडेला किंवा चाकांजवळ नको. घरी पोचल्यावर फ्रिजमध्ये दोन दिवस उभी राहू द्या, गाळ खाली बसतो.

जर्मनीत नव्याने आलेल्यांसाठी: साध्या दुकानापेक्षा गेट्रेंकेमार्क्टमधून (फक्त पेयांच्या दुकानातून) २० बाटल्यांचा क्रेट घ्या. अनामत बाटलीला ८ सेंट आणि क्रेटला दीड युरो, मिळून ३.१० युरो, परत मिळते. झाकण-क्लिपच्या बाटलीला १५ सेंट, कॅनला २५.

वाइसबिअर ओतायची पद्धत: उंच ग्लास थंड पाण्याने आतून ओला करा, पुसू नका. ४५ अंशांत तिरका धरून सावकाश ओता. बाटलीत पाचवा हिस्सा राहिला की थांबा, बाटली गोल फिरवून तळाचं यीस्ट उचला आणि ते वर सोडा. ट्रिपेल आणि रोशफोरला उलट करा: शेवटचा बोटभर भाग बाटलीतच राहू द्या, गाळामुळे चव मातकट होते.

कोकमरस
ग्लासाबद्दल जोड. फ्रीझरमधला बर्फाळ ग्लास नको, पाण्याचे कण चव पातळ करतात आणि फेस भडकतो. ग्लास स्वच्छ आहे का हे कळायला आत पाणी फिरवून ओता. सलग पडदा राहिला तर स्वच्छ. थेंब-थेंब राहिले तर तेलकट. बिअर ओतल्यावर बुडबुडे काचेला चिकटून बसले तरी तोच अर्थ. तळणाच्या भांड्यांबरोबर, त्याच घासणीने बिअरचे ग्लास घासू नका. फेस मरण्याचं घरातलं सगळ्यांत मोठं कारण तेच.

तापमान: लागर ४ ते ७, गव्हाची ६ ते ८, पेल एल ७ ते १०, ट्रिपेल-दुब्बेल (कडक बेल्जियन बिअर, अनुक्रमे फिकी आणि गडद) ८ ते १२, इम्पीरियल स्टाउट १० ते १३ अंश. घरचा फ्रिज साधारण ४ अंशांवर असतो, म्हणून रोशफोर बाहेर काढून १५-२० मिनिटं थांबा. एका बाटलीचे दोन ग्लास करून दोघांनी प्यायली तर उत्तम. ११ टक्क्यांची बिअर एकट्याने लागरच्या वेगाने संपवायची नसते.

म्हादई
चखण्याचं कोणीच बोललं नाही. कडवटपणा आणि अल्कोहोल दोन्ही तिखटाची आग वाढवतात, म्हणून कोल्हापुरी रश्श्याबरोबर आयपीए घेतली तर दोन्हींची चव मरते. तिखटाला माल्टचा गोडवा हवा: म्युनिकची डुंकेल, व्हिएन्ना लागर. तळलेल्या बोंबलाला आणि सुरमईला विट, कारण धणे-संत्र्याचं आंबूस अंग लिंबाचं काम करतं. मटण सुक्क्याला आव्हेंटिनुस. आयपीए ठेवा कांदाभज्यांना आणि चीजला, तेलकटपणा ती कापते. आणि तूप लावलेल्या पुरणपोळीबरोबर दुब्बेल घेऊन बघा. मनुका, गूळ, जायफळ सगळं एका रेषेत येतं.

जवारी
पुरणपोळी-दुब्बेलला अनुमोदन. फक्त दुब्बेल वेस्टमालची, ७ टक्क्यांची; निळी शिमे तिथे जड होते.

आंबेमोहर
शेवटची शंका. आपल्याकडची स्ट्राँग ८ टक्के आणि ड्यूव्हेल ८.५. मग एक घशाला जाळते आणि दुसरी नाही, असं का? दोन्हींत साखर असते असंही वाचलं.

सातू
असते, आणि साखरेचा दोष नाही. ड्यूव्हेलमध्ये डेक्स्ट्रोज मुद्दाम घालतात, त्याने अंग हलकं आणि शेवट कोरडा होतो. जळजळ मुख्यतः जड अल्कोहोलांमुळे होते. घट्ट वर्टवर (आंबवण्याआधीच्या माल्टच्या गोड पाण्यावर) यीस्ट कमी घातलं आणि सुरुवातीलाच तापमान चढू दिलं की ती वाढतात. चांगले बेल्जियन ब्रुअर आंबवण खालच्या तापमानाला सुरू करतात आणि दिवसागणिक वर जाऊ देतात. मग बाटलीत ताजं यीस्ट आणि थोडी साखर घालून उबदार खोलीत पुन्हा आंबवतात आणि त्यानंतर काही आठवडे थंडीत मुरवतात. तो वेळ स्वस्त स्ट्राँगच्या किमतीत बसत नाही. दोन्ही १० अंशांवर आणून शेजारी हुंगा. स्ट्राँगमध्ये स्पिरिट आणि नेलपॉलिश रिमूव्हरसारखं काही नाकाला लागेल, ड्यूव्हेलमध्ये नासपती आणि मिरी. नमुन्याला ५० मिली पुरतात.